तोंडातली सुपारी

मनुबाईनं सुपारी डाव्या गालातून उजव्या गालात ढकलली आणि दात आवळले. समोर कोर्टाजवळचा हरेश्वर खानावळवाला उकिडवा बसून तिच्या पापलेटांचे कल्ले उघडून बघत होता. बघून झालेलं पापलेट पाटीत ठेवायचं सोडून बाजूच्या ओल्या दगडावर टाकत होता.

"शिळी आहेत," तो म्हणाला.

पहाटे होडीतून उतरलेली मासळी, आणि म्हणे शिळी! गेल्या दिवाळीपर्यंत हाच माणूस मनुबाईच्या पाटीसमोर यायचा तो हातात पैसे काढूनच. अलिबागच्या बाजारात तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. तिची शिवी आधी गिऱ्हाइकाला धरायची, मग त्याच्या धंद्याला, आणि शेवटी त्याच्या बापापाशी पोचायची. बापाची पाळी येईपर्यंत थांबणारा माणूस विरळा. नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा मुलगा दादू रांगत होता. त्याला तिनं ह्या तोंडाच्या जोरावर वाढवला होता.

आणि त्याच तोंडापायी सून घर सोडून गेली होती. केसर थळला माहेरी जाऊन बसली. तिच्या बापानं निरोप धाडला, म्हातारीची जीभ ताळ्यावर आली तर शिमग्याआधी पोर पाठवतो, नाहीतर जावयानंच इकडे राहायला यावं. दादूनं बोचकं बांधायला घेतलं. तेव्हा कोळीवाड्यातल्या भजनीबुवांनी हा उपाय सांगितला. अख्खी सुपारी तोंडात धरायची, राग आला की चावायची, बोलायचं नाही. "बाजारात जीभ आवरलीस का घरात आपसूक आवरंल," बुवा म्हणाले. बुवांचं काय जात होतं? बुवांना मासळी विकायची नव्हती.

तेव्हापासून शेजारची रंगू आपली पाटी रोज वीतभर पुढे सरकवत होती. गिऱ्हाइकं भाव पाडून मागत होती. मनुबाई सुपारी चावत होती. असलं शहाणपण चुलीत घालावं, असं तिला दिवसातून कितीदा तरी वाटायचं. पण आज तर मुळीच तोंड उघडायची सोय नव्हती. सुक्या बोंबलांच्या ढिगाआड डोक्यावरून पदर ओढून केसर उभी होती. सासूची जीभ खरंच सुधारली का, ते बघायला आली होती. आपण दिसत नाही असं बिचारीला वाटत होतं.

"चार आण्यात सगळी दे," हरेश्वर म्हणाला. "बोल की. तोंड शिवलंय का?"

मनुबाईच्या गळ्यापर्यंत शब्द आला. तिनं तो गिळला. जबडा ठणकत होता, कानशिलं तापली होती. तिनं नुसती मान हलवली.

"सून पळाली आणि ही मुकी झाली," हरेश्वर आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बरं झालं. बाजाराला सुख लागलं." आणि त्यानं पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचलून आपल्या पिशवीत घातलं.

मनुबाईचा हात उठला. बोंबलांच्या ढिगाकडे नजर गेली, आणि हात खाली आला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं मनगटानं पुसलं.

"ठेव ती मासली खाली, मुडद्या!"

सगळा बाजार मनुबाईकडे वळला. आवाजाची धार तिचीच होती. पण तिचं तोंड तर मिटलेलं होतं.

केसर पदर खोचून हरेश्वरसमोर येऊन उभी राहिली होती. "डोल्यांत माती पडली काय तुज्या? लाल कल्ला दिसत न्हाय? शिली तुजी खानावल, शिलं तुजं कालवन! कोर्टात हरलेला मानूस तुज्याकडं जेवतंय नि दुसऱ्यांदा मरतंय! नि मासली अशी टाकतंस? हात हायत का लाकडाचे दांडे?"

मनुबाई ऐकत होती. शब्दन् शब्द तिचा होता. पण शेवटचा बाजारातला नव्हता. लाकडाचे दांडे ती बाजारात कधी कोणाला म्हणाली नव्हती. ते घरचं होतं, चुलीपुढचं, एकट्या केसरसाठी राखलेलं. रोज म्हणायची ती. ते कसं लागतं, हे तिला आज कळलं.

हरेश्वरनं पापलेट पाटीत ठेवलं आणि मागं न बघता चालू पडला.

आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन केसरनं तोंडावर हात ठेवला. मग तो काढून सासूवरच उखडली. "आये, तू गप कशी बसलीस? त्यो मेला मासली उचलतंय, नि तू नुसती बघतंस?"

मनुबाईनं सुपारी तळहातावर काढली. तिच्यावर सगळीकडे दातांच्या खुणा होत्या, पण ती कणभर झिजली नव्हती. आखडलेला जबडा उघडायला जरा वेळ लागला.

"बाप ऱ्हायला त्याचा," ती म्हणाली.

केसरला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. ती खाली बसली. दगडावर टाकलेली पापलेटं एकेक करून उचलू लागली, पाणी मारून पाटीत नीट लावू लागली. मनुबाई तिच्या हातांकडे बघत राहिली.

"टाक की ती सुपारी आता," केसर म्हणाली.

मनुबाईनं सुपारी लुगड्याला पुसली. पदराच्या टोकाला बांधून गाठ करकचून आवळली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घरी लागंल."