छातीच्या उंचीवर

"मालक शेजारी उभा असताना जिवंत झाडाचं वय काढू नये," असं मंजिरीच्या प्रोफेसरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. ती हसली होती. झाड काय चहाडी सांगणार?

आता ती स्टॅनमोरच्या एका बॅक गार्डनमध्ये ओकच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवत होती आणि मालकीण, सुमनकाकू, अगदी खांद्याशी उभ्या होत्या. मंजिरीची चार वर्षांची तनू दोघींच्या मध्ये. मंजिरीचा अर्धा जीव गिरमिटात, अर्धा तनूच्या बोटांत.

गेल्या वर्षी, दोन हजार तीनच्या कोरड्या उन्हाळ्यात इथली चिकणमाती आकसली आणि काकूंच्या किचनच्या भिंतीला भेग पडली. इन्शुरन्सवाले म्हणाले, ओक पाणी ओढतोय, तोडा. तो घराच्या आधीचा असेल तरच ठेवू. तसा जुना असला आणि काढला, तर त्यानं ओढायचं पाणी मातीत राहून ती फुगते आणि घराला धोका. घर एकोणीसशे चौतीसचं.

पेन्सिलीएवढी काडी बाहेर आली. मंजिरीनं भिंगातून रेघा मोजल्या. शेवटची बारीक, गेल्या वर्षीची. शहात्तरच्या दुष्काळाची जेमतेम दिसणारी.

"बत्तीस. सगळ्यात आतली बहात्तरची."

"छे गं. सदुसष्टला लावलाय मी. कुशल झाला तेव्हा."

"अहो काकू, माहीत होतं तर मला कशाला बोलावलंत?"

"तुझी आई मराठी मंडळात सांगत असते, लेक झाडांची डॉक्टर आहे म्हणून. वाटलं, घराच्या आधीचा आहे असं लिहून देशील."

मंजिरी काडीकडे बघत राहिली. "पहिली वर्षं यात येत नाहीत. आम्ही छातीच्या उंचीवर भोक पाडतो. रोप इथवर यायला चार-पाच वर्षं लागतात, ती अंदाजानं धरायची."



"एकाहत्तरच्या डिसेंबरात गेला कुशल," काकू म्हणाल्या. "म्हणजे तो होता तेवढीच वर्षं यात नाहीत."

मग त्यांनी तनूला खोडाला टेकवून उभं केलं, डोक्यावर तळवा ठेवला. भोक तिच्या वर वीतभर राहिलं.

"एवढाच होता. आता भोक खाली पाड."

मंजिरीनं तनूला ओढून घेतलं, जरा जोरातच.

"आई, कुशल हाइड करतो का?" तनूनं विचारलं.

मंजिरी गुडघ्यांवर बसली आणि मुळांच्या अगदी वर गिरमिट लावलं. ही काडी लांब निघाली. काकूंनी हात पुढे केला. "त्याच्या कुठल्या?" मंजिरीनं आतल्या टोकाच्या पाच रेघांवर नख ठेवलं. काकूंनी तेवढा तुकडा मोडून कार्डिगनच्या खिशात टाकला आणि मग गवतात बसून त्या खालच्या भोकात बोट घातलं.

"काकू, मी बूच मारते ना."

"असू दे. थंडी जाईल आत."

मंजिरी आणि तनू निघाल्या तेव्हाही काकू तशाच बसून होत्या.

मंजिरीनं खरं तेच लिहून दिलं. झाड घरानंतरचं. तोडायला मंगळवारी माणसं येणार आहेत आणि दोन दिवस झाले, काकू फोन उचलत नाहीत. तनू तापानं फणफणलीय, साउथहॅम्प्टनच्या घरून मंजिरीला निघता येत नाही. तुम्ही स्टॅनमोरच्या बाजूला राहत असाल तर बघून याल का? बेल वाजवत बसू नका. बाजूच्या गेटनं सरळ मागे, ओकपाशी जा.