सरकारवर दावा

"सरकारवर दावा ठोकायचा?" यशवंत चाफेकर वकीलबाईंकडे बघतच राहिले. "चिडून नकार दिला तर?"

"नकार येऊ शकतो," वकीलबाई म्हणाल्या. "कोर्ट त्यांना एवढंच सांगू शकतं, की निर्णय द्या. कोणता द्या, ते नाही सांगत."

ग्रीन कार्डसाठीची यशवंतांची तपासणी कित्येक वर्षं रखडली होती. विचारलं की एकच उत्तर यायचं, तपास चालू आहे. आता त्यांच्या मुलीला, शर्वरीला, पुढच्या महिन्यात एकविसावं पूर्ण होत होतं. त्या दिवशी ती वडिलांच्या अर्जातून बाद होणार होती. न्यू जर्सीत लहानाची मोठी झालेल्या मुलीला देश सोडावा लागला असता.

इथे आल्यापासून यशवंतांनी कधी शेजाऱ्याशीही वाद घातला नव्हता. उगाच कुठे नाव यायला नको.

"बाबा, सही करा," शर्वरी म्हणाली. "हाकललं तर जाईन मी. पण हे असं दाराशी उभं राहणं आता सोसत नाही."

शर्वरीने कागद धरून ठेवला आणि त्यांनी सही केली.

वाढदिवस तोंडावर आला असताना वकीलबाईंचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता. शर्वरी हमसून रडायला लागली.

"पण इतकी वर्षं माझ्याबद्दल काय शोधत होते ते?" यशवंतांनी विचारलं.

"काहीच नाही. दावा लागेपर्यंत तुमची फाईल कुणी उघडलीच नव्हती."

यशवंतांनी फोन ठेवला. मग मुलीसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडून शिवी गेली.