एकवीस माणसांची पार्टी

मूर्तिजापूरच्या मंगल कार्यालयामागे गजेंद्रनं सॅक्सोफोनची पेटी उघडली, समोरच्या बँडवाल्यांवर नजर टाकली आणि त्याला ती पुन्हा बंद करावीशी वाटली. कुणी बनियनवर बसून पोहे हाणत होतं, कुणी ढोलाला डोकं टेकून घोरत होतं. क्लॅरिनेटवाला तर क्लॅरिनेटनं पाठ खाजवत होता. असली माणसं वाद्याला हात लावतात याचीच त्याला किळस आली.

पण अमरावतीच्या तिन्ही ऑर्केस्ट्रांनी त्याला 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं होतं आणि कुणीच कळवलं नव्हतं. कचेरीत मात्र हा महिनाभर सांगत सुटला होता, की रविवारी मूर्तिजापूरला आपला कार्यक्रम आहे. सोमवारी त्याच टेबलावर बसायचं होतं. तेव्हा ऑर्केस्ट्रा नाही तर लग्नाचा बँड.

पार्टीचे मालक शेषराव मास्तर खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत आले. "वाजवा," ते म्हणाले.

गजेंद्रनं आधी स्टँड उभा केला. त्यावर नोटेशनचे कागद ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांना चिमटे लावले. मग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्याकडे नोटेशन वाचता येतं का कुणाला?"

"नाई बाप्पा," शेषराव म्हणाले. "आमी नाचनाऱ्यायच्या पायाकडे पाहून वाजवतो."

गजेंद्र हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं. त्यानं दोन मिनिटं वाजवलं. मध्ये दोनदा बाजा चिरकला, त्याचा दोष त्यानं मनातल्या मनात उन्हाला दिला. शेषरावांनी तेवढ्या वेळात त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"उंची झकास हाये," ते म्हणाले. "कोट कोन्त्या मापाचा लागते?"

पहिल्या फटक्यात निवड! ह्या लोकांच्या सात पिढ्यांत असा वादक आला नसेल, असं मनाशी म्हणत त्यानं सोनेरी झालरीचा लाल कोट चढवला. कोटाला कुणाच्या तरी घामाचा वास येत होता, तोही त्यानं सोसला. बाजा गळ्यात अडकवून त्यानं फोटो काढला आणि कचेरीच्या ग्रुपवर टाकला. शेषरावांनी त्याला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध उभं केलं.

आणि त्याच्या गळ्यातला सॅक्सोफोन काढून शेजारच्या रामरावला दिला.

हा रामराव अकोल्याला भाजीचा गाडा लावायचा. वाळकुडा माणूस, पुढचा एक दात पडलेला. त्यानं बाजाच्या टोकाला आपली जुनी फुंकणी बसवली, दोन-चार चाव्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "बाजा कोराच हाये मास्तर. वाजवलाच नाई कोनं."

गजेंद्र तो चार वर्षं रोज वाजवत होता.

त्याच्या हातात रामरावचा पोचे पडलेला सॅक्सोफोन आला. त्या बाजाच्या तोंडात फडकं कोंबलेलं होतं.

"हे काय आहे?"

"पोरीच्या बापासंग एकवीस लोकायची पार्टी ठरेल हाये," शेषराव म्हणाले. "वाजवनारे बारा. बाकीचे रांगेत उभे राह्यतात. तुमी फुकू नोका, निस्ते गाल फुगवा. बोटं हालवत राहजा."

"मंग मी कायले आलो?" गजेंद्रची शुद्ध मराठी एका दमात संपली.

"बँडमंधी याचं होतं न तुमाले?" शेषराव निघता निघता म्हणाले. "आले न."

बाहेर मोटरसायकल उभी होती. निघून जाता आलं असतं. पण फोटोवर सतरा जणांनी अंगठे उठवले होते आणि मोठ्या साहेबांनी खाली लिहिलं होतं, 'व्हिडिओ पाठवा.'

वरात निघाली. नवरदेवाची आत्या पार्बताबाई गुडघ्यावर हात ठेवून नाचायला उतरली. बायका हसल्या. रामरावनं तिच्या पायांकडे पाहिलं आणि धून हळू केली, तिच्या गुडघ्याला झेपेल इतकी. पाठोपाठ सगळा बँड हळू झाला. म्हातारीनं हात वर केले. कुणी हसेना. गजेंद्रला ऐकायचं नव्हतं, पण त्याचाच बाजा त्याच्यापासून हातभर अंतरावर वाजत होता. चार वर्षं त्यानं जो सूर शोधला, तो ह्या भाजीवाल्याला रस्त्यात उभ्या उभ्या सापडला होता. त्याला रामरावचा राग आला, शेषरावांचा आला, त्या म्हातारीचासुद्धा आला.

रस्त्याच्या कडेला एक बाई मोबाइल धरून उभी होती. "तो मंधातला पाह्य वो," ती शेजारणीला म्हणाली, "कसा जीव ओतून वाजवून राह्यला!"

गजेंद्रनं डोळे मिटले. कमरेत वाकला, मान झुलवली, गाल आणखी फुगवले. आता कचेरीत दाखवण्याजोगं काहीतरी होत होतं.

डावीकडे ट्रम्पेट घेतलेला सुगत होता. एरवी मोबाइलच्या दुकानात बसणारा, सहा वर्षं ह्या रांगेत उभा राहिलेला. त्याच्या ट्रम्पेटमध्येही फडकं होतं. त्यानं ट्रम्पेट ओठांवरून न हलवता हळूच म्हटलं, "साहेब, गाल येवढे नोका फुगवू. खऱ्या वाजवनाऱ्याचे येवढे फुगत नाईत. लोकायले समजते."

गजेंद्रनं डोळा किलकिला करून रामरावच्या गालांकडे पाहिलं आणि आपले थोडे कमी केले.