जयवंता आणि बाई
“मावशी, पुन्हा तेच! तुमची फाइल नाही म्हणतंय,” कचेरीतल्या युनिक्स कॉम्प्युटरपुढे वनमाला वैतागून म्हणाली. उद्या कोर्टात पहाणीची, म्हणजे शेताच्या उताऱ्याची, नक्कल दिली नाही, तर दीर जयवंताबाईंचं शेत घशात घालणार होता. “काऊन नाही व माय? तिसऱ्यांदा येऊन राह्यली मी.” “जयवंता सापडत नाही, बाई सापडत नाही, असं दाखवतंय.” “मी त एकलीच हाय. दोन कोनं केल्या?” वनमालाने पडद्यावरचं फाइलचं नाव पुन्हा वाचलं. नावं टाइप करताना तिनेच मानाने ‘बाई’ सुटं लिहिलं होतं, ‘राव’ मात्र जोडून. मधली मोकळी जागा आली की फाइल शोधायला तिने लिहिलेली आज्ञावली, ती स्क्रिप्ट, एका नावाची दोन करायची. नाव अखंड वाचलं जावं म्हणून तिने स्क्रिप्टमध्ये त्याभोवती अवतरणचिन्हं घातली, प्रिंटर करकरला. कागद घेऊन जयवंताबाई नेरडीगोंड्याच्या बसकडे धावल्या. वनमालाने ‘फाइल नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांची वही उघडली. पाच भरगच्च पानांत एकही राव नव्हता.