छपराखालचा बर्फ

कारखाना बुडाला आणि त्याच्यासोबत शहरातलं आइस हॉकीचं मैदानही गेलं. मैदानाच्या छपराखाली कोटांचा बाजार भरू लागला, पोरं खेळायला इर्तिश नदीच्या बर्फावर जाऊ लागली. तिथेच एका मार्चमध्ये बर्फ फुटला आणि राउशानचा थोरला मुलगा बुडाला. वर राहिली ती फक्त त्याची स्टिक.

त्यानंतर नऊ वर्षं राउशान मैदान परत द्या म्हणून अर्ज करत राहिली. कचेरीतले लोक तिला पाहून हसायचे, "आली बघा हॉकीवाली!" धाकट्या येरासिलला तिने नदीकडे फिरकूही दिलं नाही. "मैदान होऊ दे, मग खेळ हवं तेवढं."

शेवटी बाजार हलला, मैदान पुन्हा गोठलं. फीत कापायला तिलाच बोलावलं.

दुसऱ्या दिवशी नाव घालायला ती सगळ्यांच्या आधी दारात हजर होती. येरासिलच्या हातात दादाची स्टिक.

"वय?" कोचने विचारलं.

"तेरा."

"आपाय," तो राउशानला म्हणाला, "ताई, आम्ही पाचव्या वर्षापासून पोरं घडवतो. तेराव्या वर्षी काय श्रीगणेशा? फार उशीर केलात हो. चार-पाच वर्षांचा असतानाच आणायचा होता!"

तो चार वर्षांचा असतानाच तिने पहिला अर्ज केला होता.

ती बाहेरच्या पायरीवर मटकन बसली. येरासिलने तिच्या डोक्यावरचा घसरलेला रुमाल सारखा केला.



"रडू नको ना, आई. नदीवर कुणी वय विचारत नाही."