मशीन अडतंय

मास्तरांच्या बायकोने शिलाई मशीन मिस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाली, "अडतंय, भाऊजी. बघा जरा."

मिस्त्रीने मान वर केली नाही. सभागृहातल्या गोळीबाराला महिना होत आला होता. भर दुपारी गावातली नऊ माणसं गेली, त्यांत शिंपीकाम करणारे मास्तर होते. गोळ्या झाडल्या त्या वाचनालयातल्या कारकुनाने, आणि शेवटची स्वतःवर. तेव्हापासून मिस्त्रीने एकाही मशीनला हात लावला नव्हता. लोक म्हणत, जिवलग दोस्त गेला, बिचाऱ्याने हाय खाल्ली. ते ऐकलं की धरणीने पोटात घ्यावं असं त्याला होई.

पण हिला नाही कसं म्हणणार? त्याने चाक फिरवलं. सुई लोण्यातून जावी तशी वरखाली झाली. पुन्हा फिरवलं. मशीनला काहीएक झालेलं नव्हतं.

मग ही आली कशाला? म्हणजे हिला कळलंय.

मास्तर चारचौघांत त्याची थट्टा करायचे, की आमच्या मिस्त्रीला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, पण त्याच्या हातून गेलेली वस्तू पुन्हा अडत नाही. कारकून बापाची गंजकी बंदूक घेऊन आला, तेव्हा हीच स्तुती मिस्त्रीच्या डोक्यात होती. बागेत डुकरं घुसतात, असं कारकून म्हणाला. शहरातल्या कारागिरानेही हात टेकले होते, हे ऐकून मिस्त्रीला चेव चढला. चार दिवस खपून त्याने नवी स्प्रिंग घडवली. वर फुशारकी मारली, घ्या, आता जन्मात अडायची नाही.

बंदूक दुरुस्त कोणी केली, हे पोलीस घरोघर विचारत फिरले. मिस्त्री मूग गिळून बसला.

आता त्याने चाकावरचा हात काढला. "वहिनी, ती बंदूक मी दुरुस्त केली."

ती ओरडेल, निदान तोंडावर थुंकेल, अशी त्याची खात्री होती. ती स्टुलावर बसली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो आधी आमच्याकडे आला होता, कोटाचं बटण लावून घ्यायला. बोलता बोलता म्हणाला, बापाची बंदूक आहे, कोणाकडून दुरुस्त होत नाही. हे आत जेवत होते. पोलिसांनी मलाही विचारलं, भाऊजी. मीही बोलले नाही. तुमचं दुकान त्याला मीच दाखवलं."