वरचा प्रिंटर

सकाळपासूनची ही बारावी तक्रार. संगणकवाल्याने आपली पिशवी काउंटरखाली सरकवली आणि रिपोर्टताईंच्या खुर्चीत अंग टाकलं. दवाखान्यात सगळे त्यांना रिपोर्टताईच म्हणत. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट छापून खिडकीतून द्यायचे, हे त्यांचं काम. खिडकीबाहेर दहा-बारा माणसं ताटकळत होती.

"काय झालंय, ताई?"

"तासभर झाला, काही छापतच नाही. दोनदा वर जाऊन बघून आले." ताई टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"ते स्टूल घ्या ना."

"नको. एकदा बसले की उठवायला दोन माणसं लागतात."

शेजारच्या खिडकीतला पावतीवाला हसला. "ताईंना वरच एक खाट टाकून द्या, दादा. रिपोर्ट आणायला दिवसातून वीसदा तिसरा मजला. आणि लिफ्ट पेशंटसाठी राखीव."

संगणकवाल्याने स्क्रीनवर दवाखान्यातल्या सगळ्या प्रिंटरांची यादी उघडली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरपुढे लाल खूण होती, कागद अडकल्याची. त्याच्यामागे छपाईची कामं रांगेत खोळंबली होती. चौदा रिपोर्ट, सगळे ताईंच्या संगणकावरून गेलेले. पंधरावी ओळ वेगळी होती. स्वेच्छानिवृत्ती अर्ज.

त्याने मान वळवली. "हा कुणाचा?"

"माझाच. पाचच्या आत साहेबांना द्यायचाय. तेवढा निघेल असं बघा."

"आणि काकांची औषधं? ती इथूनच फुकट मिळतात ना?" पावतीवाल्याने विचारलं. या खेपेला तो हसला नाही.

"नोकरी सुटली की आमच्या यांची औषधंही सुटली. अजून चार वर्षं होती हातात." ताईंनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "पण पायच ऐकत नाहीत म्हटल्यावर काय करायचं?"

तेवढ्यात टेबलाच्या कोपऱ्यातला प्रिंटर खरखरला आणि त्यातून एक पावती बाहेर आली. पावतीवाल्याने हात लांब करून ती ओढून घेतली. संगणकवाला त्या प्रिंटरकडे बघत राहिला. ताईंच्या खुर्चीपासून तो हातभर अंतरावर होता.

"ताई, तुमचे रिपोर्ट वर कशाला जातात? हा इथं आहे की."

"तो आता पावत्यांचाच ना?"

"दोघांचा आहे."

त्याने ताईंच्या संगणकाची सेटिंग उघडली. नेहमीच्या प्रिंटरची हिरवी खूण तिसऱ्या मजल्याच्या नावापुढे होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, शेवटचा बदल कधी झाला आणि कुणी केला. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. नाव त्याचं होतं.

मग त्याला सगळं आठवलं. हा कोपऱ्यातला प्रिंटर दुरुस्तीला गेला होता. दोन दिवसांची सोय म्हणून त्याने ती खूण वर नेली होती. चौथ्या दिवशी प्रिंटर परत आला. त्यानेच तो उचलून इथं ठेवला, वायरी जोडल्या, आणि ऑपरेशन थिएटरमधून फोन आला म्हणून तसाच पळाला. खूण वरच राहिली.

"हा परत आला तेव्हा मी दोनदा फोन केला होता तुम्हाला," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, बघतो. मग मीच म्हटलं, वरून नियम आला असेल. मला 'छापा' हे एकच बटण ठाऊक. बाकीच्यात मी हात घालत नाही."

नेटवर्कचा घोळ आहे म्हणता आलं असतं. प्रोग्रॅम जुना झालाय म्हणता आलं असतं. असली वाक्यं त्याच्या तोंडात तयारच असत. सकाळपासून तीन वापरून झाली होती. ताईंचा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"ताई, हे माझ्याकडून राहून गेलं. दोन वर्षं तुम्ही उगाच चढलात."

पावतीवाल्याचा शिक्का हवेतच थांबला.

ताईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही एकटे तरी कुठं कुठं पुरणार? सकाळपासून पोटात काही गेलंय का?"

चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं.

त्याने खूण खालच्या प्रिंटरवर आणली. रांगेतली पंधराही कामं निवडून तीही खाली वळवली. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला. एकेक रिपोर्ट निघू लागला तसा ताई तो उचलायच्या, नंबर पुकारायच्या आणि खिडकीतून द्यायच्या. "बेचाळीस. त्रेचाळीस. अहो आजोबा, तुमचाच नंबर आहे, या पुढे." बघता बघता खिडकी मोकळी झाली.

शेवटचा कागद निघाला. संगणकवाला खुर्चीवरून उठला. ताई सावकाश बसल्या, चष्मा चढवला आणि आपलाच अर्ज दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाचू लागल्या. तो नीटच असलेली वायर पुन्हा नीट करत उभा राहिला.

"दादा."

"बोला ना."

ताईंनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं मी लिहिलंय, दिवसभर जिना चढणं आता झेपत नाही म्हणून."

"हो."

"मग आता कारण काय लिहू?"